नवती कोवळी असेपर्यंत

फोंडा तालुक्यातल्या आमच्या कुळागरात पोफळी, माड, केळी आणि मिरवेली यांची दाटी आहे. त्या दाटीच्या कडेला, जिथे थोडे ऊन पोचते, तिथे कागदी लिंबाची चौतीस झाडे, तोरिंगाची चार आणि विहिरीजवळ मावळिंगाचे एक झाड उभे आहे. घाटावरचे लोक ज्याला पपनस म्हणतात ते आमचे तोरिंग, आणि त्यांचे म्हाळुंग ते आमचे मावळिंग. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीला, ही दोन्ही फळे लागतात, त्यामुळे आमच्या घरात या झाडांचा विचार बाजारभावाच्या आधी गणपतीच्या तिथीशी जोडलेला असतो. गेली नऊ वर्षे मी या झाडांवरच्या किडींची वही ठेवते. त्या वहीतून जे हाती लागले ते आज सविस्तर लिहावे असे वाटले, कारण लिंबावरच्या किडींविषयी मराठीत मिळणारी माहिती बहुतेक विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेची असते आणि आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो.

लिंबूवर्गीय झाडावरच्या बहुतेक उपद्रवी किडींना जून पान नको असते. त्यांना हवी असते ती नवती, म्हणजे फांदीच्या टोकाला फुटणारी पोपटी, लुसलुशीत पालवी. फुलपाखरू अंडी घालते ते तिच्यावर, नागअळी पोखरते ती तिलाच, आणि सायला नावाच्या चिलटाएवढ्या किडीची अंडी तर मिटलेल्या कोवळ्या पानांच्या घडीखेरीज दुसरीकडे सापडतच नाहीत. एकदा पान पक्के, गडद आणि चिवट झाले की या तिघांचाही त्यातला रस संपतो. म्हणून महिन्यातून एकदा किंवा पंधरवड्यातून एकदा अशी तारखेची फवारणी करण्यात फारसा अर्थ नसतो. झाडाला नवती कधी येते हे पाहायचे आणि ती कोवळी असते तेवढे दोन-तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून झाडाजवळ जायचे. माझ्या वहीप्रमाणे आमच्याकडे नवती जोरात येते ती तीनदा: पावसाच्या सुरुवातीला, मग सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरताना, आणि तिसऱ्यांदा थंडी उतरताना फुलोऱ्याबरोबर. या तीन वेळांना मी घर सोडून कुठे जात नाही.

हे शहाणपण मला सहज आलेले नाही. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये लावलेल्या कलमांवर हिरव्या अळ्या पडल्या आणि तीन दिवसांत आठ कलमांचे नुसते काटेरी देठ उरले. मी घाबरून औषधांच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने कसलीही चौकशी न करता एक जहाल कृत्रिम कीटकनाशक हातात ठेवले आणि ‘सगळ्यांवरच मारा’ म्हणून सांगितले. मी ते कलमांबरोबर मोठ्या झाडांवरही मारले. अळ्या मेल्या हे खरे. पण ऑक्टोबरमध्ये त्याच मोठ्या झाडांची पाने चिकट होऊ लागली आणि त्यांच्यावर काजळी धरावी तशी काळी पुटे चढली. पानाखाली पाहिले तर पिठ्या ढेकूण आणि काळ्या माशीची पिले यांचे थर होते. घाटावर ज्याला कोळशी म्हणतात ती हीच. या किडी रस शोषून गोड चिकटा सोडतात आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. यापूर्वी ती आमच्याकडे कधी डोके वर काढत नव्हती, कारण ढालकिडे, जाळीदार पंखांच्या माशांची पिले आणि डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या तिला आवरून धरत होत्या. माझ्या फवाऱ्याने अळ्यांबरोबर त्यांचाही निकाल लावला होता. ती झाडे सावरायला पुढची दोन वर्षे गेली, आणि त्या दोन वर्षांत मी भिंग विकत घेऊन पाने वाचायला शिकले.

लिंबावरच्या फुलपाखराची अळी तुम्ही पाहिली असेल, पण तिचे पहिले रूप बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मादी पिवळसर, मोहरीहून लहान, गोल अंडी एकेक करून नवतीवर ठेवत जाते. त्यातून निघालेली अळी काळपट तपकिरी असते आणि पाठीवर पांढरट डाग असतात, म्हणजे हुबेहूब पाखराची विष्ठा पानावर पडावी तशी. पक्षी फसतात आणि आपणही फसतो. शेवटची कात टाकल्यावर ती पानासारखी हिरवीगार होते आणि तेव्हाच तिची खरी भूक सुरू होते. तिला बोटाने हलकेच डिवचले तर मानेमागून दुहेरी तांबूस शिंगे बाहेर येतात आणि कुजक्या लिंबाचा उग्र वास सुटतो. लहान मुलांना हा प्रकार मी मुद्दाम दाखवते, कारण अळी ओळखणारी मुले मला पुढच्या हंगामात अळ्या शोधून देतात.

या अळीसाठी माझ्या मते चार वर्षांखालच्या कलमांवर हाताने वेचण्याइतका चांगला उपाय नाही. एका कलमावर वीस-पंचवीस पाने असतात. रोज सकाळी त्यांवरून नजर फिरवायला अर्धे मिनिट लागते, आणि अंडे दिसले तर नखाने पुसून टाकता येते. मोठ्या झाडावरच्या अळ्यांना मात्र मी हात लावत नाही, कारण हजारो पानांच्या झाडाला पाच-पन्नास पानांचा तोटा जाणवत नाही आणि त्या अळ्यांवर बुलबुल, कोळी व गांधीलमाश्या पोसल्या जातात. वेचलेल्या अळ्या मारायच्या का, हा प्रश्न मला बराच काळ छळत होता. आता त्यांतल्या मोठ्या हिरव्या अळ्या मी देवळामागच्या बेलावर नेऊन सोडते. बेल, लिंबू आणि आपला कढीपत्ता हे सगळे एकाच कुळातले, म्हणून ही अळी बेलाची पाने आवडीने खाते. तिथून उडालेले फुलपाखरू पुन्हा माझ्याच लिंबावर अंडी घालायला येऊ शकते, हे मला कळते आणि तो हिशेब मी पत्करला आहे. आमच्या बागेत येणारे मोठे निळे-काळे पाखरू, म्हणजे २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्लू मॉरमॉन, तेही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते, आणि ते बागेतून नाहीसे व्हावे असे मला मुळीच वाटत नाही.

नागअळीची गोष्ट वेगळी आहे. ती पानाच्या पापुद्र्याखाली शिरते आणि खात पुढे सरकते, त्यामुळे पानावर चांदीच्या तारेने नक्षी काढावी तशी वेडीवाकडी रेघ उमटते आणि पान गुंडाळते. नुसत्या तिच्यामुळे मोठे झाड मरत नाही. गोव्यात तिला भ्यायचे ते तिच्या मागून येणाऱ्या खैऱ्या रोगामुळे. खैऱ्याचे जिवाणू वाऱ्या-पावसाच्या सपकाऱ्याबरोबर पसरतात आणि नागअळीने फाडलेल्या पापुद्र्यातून त्यांना आयती वाट मिळते. आमच्या जुलै महिन्यात सपकारे आणि नागअळी दोन्ही एकाच वेळी हजर असतात. मग फळांवर खरबरीत, तपकिरी, खपल्यांसारखे डाग पडतात आणि रसाला काही झालेले नसूनही बाजारात त्या लिंबाला कोणी विचारत नाही.

यावर मी दोन गोष्टी पाळते. पहिली म्हणजे पावसाच्या तोंडावर युरियाचा मोठा हप्ता देत नाही, कारण नत्र जास्त झाले की नवती भरमसाट आणि सलग येत राहते, म्हणजे नागअळीला पंगत उठतच नाही. शेणखत आणि थोडी थोडी पेंड यांवर नवती एकदम येते आणि एकदम पक्की होते. दुसरी गोष्ट म्हणजे बुंध्यावरून व जाड फांद्यांवरून सरळ वर जाणारे पाणसोट वेळच्या वेळी काढते. ते फळ देत नाहीत आणि सदैव कोवळे राहून किडींना आसरा देतात. नागअळीने नक्षी काढलेली पाने मात्र खुडू नयेत. पानाचा उरलेला हिरवा भाग झाडासाठी अन्न बनवत असतो, आणि खुडल्याने झाड आणखी नवती काढते. शेजारचे काका दर वर्षी ती पाने ओरबाडून टाकत असत. एका वर्षी आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या बारा झाडांपैकी सहा तशीच ठेवून पाहिली, आणि आता ते ओरबाडत नाहीत.

पावसात पोफळींवर कोळेरोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचे, मिश्रण मारण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि पिंपात उरलेले मिश्रण लिंबावर मारण्याचा मोह सर्वांनाच होतो. खैऱ्यासाठी ते उपयोगी आहे, त्यामुळे तो मोह चुकीचा नाही. फक्त एक सांभाळावे लागते. पिठ्या ढेकणांसाठी लेकॅनिसिलियम या उपकारक बुरशीची भुकटी मिळते आणि आमच्या दमट हवेत ती फार छान काम करते; पण बोर्डोतले तांबे कोणतीही बुरशी मारते, मग ती उपकारक असो वा नसो. म्हणून जिथे बोर्डो मारले तिथे मी काही आठवडे बुरशीची भुकटी वापरत नाही. निंबोळी अर्काचेही असेच पथ्य आहे. पाच टक्क्यांचा अर्क करायचा तर अर्धा किलो निंबोळीच्या गराची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, दहा लिटर करायची आणि त्यात थोडा साधा साबण मिसळायचा. आमच्या भागात कडुनिंब फारसा दिसत नाही, तेव्हा निंबोळ्या घाटावरून मागवाव्या लागतात. पाऊस चालू असताना हा अर्क मारणे म्हणजे इतक्या लांबून आणलेल्या निंबोळ्या ओढ्यात सोडण्यासारखे आहे. निदान दिवसभराची उघडीप असावी आणि वेळ संध्याकाळची असावी, कारण निंबोळीतले द्रव्य उन्हात लवकर निकामी होते आणि संध्याकाळी मधमाश्याही घरी परतलेल्या असतात.

चवथीच्या आधीचे पंधरा दिवस माझे लक्ष तोरिंगांवर असते. या फळाचा शत्रू पाने खात नाही आणि दिवसा दिसतही नाही. तो रस शोषणारा पतंग आहे. बहुतेक पतंगांची सोंड मऊ असते, याची मात्र टोकाशी दातेरी आणि इतकी कणखर की ती तोरिंगाच्या जाड सालीतून आरपार जाते. सकाळी फळावर टाचणीने टोचल्यासारखे एक भोक दिसते, दोन दिवसांत भोवतीची साल मऊ पडते आणि आठवड्याच्या आत फळ गळून खाली येते. माटोळीसाठी राखलेले फळ असे गळाले की घरातल्या प्रत्येकाला हळहळ वाटते. रात्री आठनंतर विजेरी घेऊन गेले तर फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात. पुढचे पंख वाळल्या पानासारखे आणि मागचे केशरी, त्यांवर काळा पट्टा, अशा या पतंगाला मी हाताने धरून साबणाच्या पाण्यात टाकते. एका रात्री मी अकरा धरले होते.

पण या पतंगाचे मूळ तोरिंगावर नसतेच. त्याच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेल यांसारख्या रानवेलींवर वाढतात. कोरोनाच्या काळात काढ्यासाठी आमच्या वाड्यावर घरोघरी गुळवेल लावली गेली आणि नंतर ती कुंपणांवर, आंब्यांवर पसरली. मी ती समूळ काढावी असे म्हणत नाही, कारण सासूबाई तिचा काढा अजून नेमाने घेतात आणि त्यांच्या श्रद्धेला धक्का देण्याचे मला कारण दिसत नाही. मी जुलैपासून कुंपणावरची गुळवेल उलटून पाहते. अळी काळसर मखमली असते, अंगावर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात आणि ती शरीर कमानीसारखे वाकवून बसते, त्यामुळे एकदा ओळखली की पुन्हा चुकत नाही. एक अळी कुंपणावर सापडणे म्हणजे चवथीच्या आधी एक पतंग कमी होणे. शिवाय राखलेल्या फळांना जुन्या सुती धोतराच्या पिशव्या बांधते. पिशवीच्या आत बांबूच्या कामटीचे कडे घालावे लागते, कारण कापड फळाला टेकले तर पतंग वरूनच सोंड खुपसतो. खाली पडलेली फळे त्याच दिवशी उचलून खोल पुरते. ती तशीच कुजू दिली तर फळमाशीलाही आमंत्रण मिळते.

खोडातल्या साल खाणाऱ्या अळीबद्दल थोडक्यात सांगते. फांदीच्या बेचक्यात भुसा आणि रेशमाची तपकिरी जाळी दिसली की ती जाळी खरवडायची, भोकात तार घालून अळी मारायची, रॉकेलचा बोळा बसवायचा आणि वरून चिखल लिंपायचा. जुन्या, दुर्लक्षित झाडांवर ती जास्त येते.

हुमल्यांविषयी मात्र थांबून लिहायला हवे. पाने शिवून घरटी करणाऱ्या या तांबड्या मुंग्यांना आमचे बागायतदार वैतागतात, कारण फळे काढताना त्या कडकडून चावतात. चीनच्या दक्षिणेकडच्या बागायतदारांनी मात्र या मुंग्यांची घरटी बाजारातून विकत आणून लिंबूवर्गीय झाडांवर ठेवल्याची नोंद आहे आणि ती परंपरेने इसवी सन ३०४ च्या सुमाराची मानली जाते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाता यावे म्हणून ते मुंग्यांना बांबूचे पूल बांधून देत. किडीनेच कीड आवरण्याचा जगातला हा सर्वांत जुना ज्ञात दाखला आहे. माझ्याकडे हुमल्यांची घरटी असलेल्या तीन झाडांवर फुलपाखराच्या अळ्या जवळजवळ दिसत नाहीत. पण त्याच मुंग्या गोड चिकट्यासाठी पिठ्या ढेकणांची राखण करतात आणि ढालकिड्यांना हाकलतात. म्हणून मी मध्यम मार्ग काढला आहे. ज्या झाडावर पिठ्या ढेकूण दिसतात त्याच्या टेकलेल्या फांद्या छाटून आणि बुंध्याला चिकट पट्टी बांधून हुमल्यांची वाट बंद करते, आणि बाकी झाडांवर त्यांना राहू देते.

आता सायला. आकाराने ती तीन-चार मिलिमीटर, पानावर डोके टेकून आणि मागचा भाग वर उचलून तिरकी बसते, आणि पिले मेणासारखे पांढरे धागे सोडतात. ती रस शोषते एवढेच असते तर मी तिला पिठ्या ढेकणांच्या रांगेत बसवले असते. ती ग्रीनिंग नावाच्या रोगाचे जिवाणू झाडाझाडांतून फिरवते आणि त्या रोगावर औषध नाही. पानावर शिरेच्या दोन्ही बाजूंना एकमेकांशी न जुळणारे पिवळे डाग पडतात, फळ वाकडे आणि कडू होते, आणि झाड काही वर्षांत संपते. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात सायला १९९८ मध्ये आढळली आणि रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्यांच्या चोवीस कोटींहून अधिक पेट्या निघाल्या होत्या. २०२३-२४ मध्ये त्या दोन कोटींच्याही खाली आल्या. वादळांचाही त्यात वाटा आहे, पण मुख्य घाव या रोगाचा. आपल्या मुसळधार पावसात सायलाची पिले बरीचशी धुऊन जातात. धोका उरतो तो पाऊस सरल्यानंतरच्या आणि फुलोऱ्याच्या नवतीला. कलमे घेताना म्हणूनच मी आता फक्त रोगमुक्त मातृवृक्षांची खात्री देणाऱ्या सरकारी संस्थांकडची घेते, मग त्यासाठी एक वर्ष थांबावे लागले तरी चालेल.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये एकाच रांगेतल्या लिंबांवर सायला पुन्हा पुन्हा येत होती आणि बाकी रांगा स्वच्छ होत्या. मी खत, पाणी, सावली सगळे तपासले. शेवटी उत्तर न्हाणीजवळ मिळाले. त्या रांगेच्या टोकाला कढीपत्त्याचे झाड आहे, आणि सासूबाई आमटीसाठी रोज त्याचा शेंडा खुडत असल्यामुळे ते बारा महिने कोवळी पालवी काढत राहते. सायला कढीपत्त्यावरही वाढते. लिंबावर नवती नसते तेव्हा ती तिथे दिवस काढत होती आणि नवती फुटली की रांगेत उतरत होती. झाड तोडायचे नाही हे घरात ठरले. मी त्याच्या फांद्यांखाली पांढरे ताट धरून फांदीवर तीनदा काठी मारते आणि ताटात किती सायला पडतात ते मोजते. दहाच्या वर आकडा गेला तर सासूबाईंना सांगून सगळा शेंडा एकदम छाटते आणि छाटलेली पाने पिशवीत बांधून उन्हात ठेवते. कुंपणाला कामिनी, म्हणजे कुंती, लावणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे, कारण ती सायलाची आणखी आवडती आहे.

आज सकाळी, पाऊस ओसरल्यानंतरच्या नवतीवर, त्या रांगेतल्या तिसऱ्या झाडाचा एक शेंडा मी भिंगाखाली धरला. त्यावर सायलाची चौदा पिले होती. त्यांतली नऊ तपकिरी, फुगीर आणि पानाला चिकटून मेलेली होती, आणि त्या नऊंपैकी पाचांच्या छातीच्या जागी सुईच्या अग्राएवढे गोल भोक होते. टॅमॅरिक्सिया नावाच्या परोपजीवी गांधीलमाशीचे हे काम आहे. ती सायलाच्या पिलाखाली अंडे घालते, तिची अळी खालूनच पिलाचा रस शोषून त्याला संपवते आणि पूर्ण वाढ झाली की हे भोक पाडून बाहेर येते. ही माशी आपल्याच भूमीची आहे. तिची पहिली शास्त्रीय नोंद १९२२ मध्ये पंजाबातल्या नमुन्यांवरून झाली, आणि पुढे सायला आवरण्यासाठी तिला इथून परदेशांत नेण्यात आले. निंबोळी अर्क मी कालच भिजवून ठेवला होता. तो मी खालच्या नव्या कलमांना दिला आणि या रांगेत पंप नेला नाही. उरलेल्या पाच पिलांच्या शेंड्याला लाल दोरा बांधला आहे. गुरुवारी तो पुन्हा भिंगाखाली पाहायचा आहे.